डाव्या पायाची चौकशी

मधुकरराव रोज संध्याकाळी गोदावरीबाईंच्या फाटकासमोर थांबतात, ही बातमी मोहाडीत सगळ्यांना कळून शिळी झाली आणि मग ती मधुकररावांना कळली. तीही त्यांच्याच घरात. मासळी विकायला आलेल्या बायाबाईने तराजूत झिंगे टाकता टाकता त्यांच्या बायकोला, कुंताबाईंना, विचारलं की साहेबांची तब्येत बरी आहे ना. कारण तिचा नवरा बुधराम तलावाच्या पाळीवर जाळं दुरुस्त करत बसतो, आणि साहेब रोज त्या एकाच फाटकाशी उभे राहिलेले त्याला दिसतात. बायाबाईच्या मनात काही पाप नव्हतं. मोहाडीत दारोदार फिरणाऱ्या बाईच्या मनात पाप असण्याची गरजही नसते, बातमी नुसती टोपलीत ठेवून निघाली तरी पुरते. कुंताबाईंनी त्या दिवशी झिंग्यांत मीठ दोनदा घातलं आणि मधुकररावांच्या पानात मुद्दाम जास्त वाढलं.

आता गोदावरीबाई कोण, तर निवृत्त मुख्याध्यापिका. यजमान वारून बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला, आणि तलावाजवळच्या घरात एकट्या राहतात. कोणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. संशय घ्यायला इतकी सोयीची बाई गावात दुसरी नव्हती.

आणि संशय म्हणजे काय, हे मधुकररावांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून त्यांनी उभा जन्म काढला होता. पाट म्हणजे शेतात पाणी नेणारी चारी. धानाला पाणी सोडलं की वरच्या शेतकऱ्यानं पाट फोडून आपली बांधी, म्हणजे धानाचा वाफा, भरून घ्यायची, आणि शेवटच्या शेतकऱ्यानं कोरड्या बांधीत उभं राहून निरीक्षकाच्या नावानं शंख करायचा, हा दर हंगामाचा कार्यक्रम. मधुकरराव सायकलवरून पाटापाटाने फिरत आणि ज्याच्या पायाला ओला चिखल दिसेल त्याला धरत. माणूस जितका साळसूद दिसेल तितका पाट त्यानंच फोडलेला असतो, हा त्यांचा ठाम सिद्धांत होता. या सिद्धांतावर त्यांनी नोकरीभर लोकांना घाम फोडला. आता तोच सिद्धांत कुंताबाई त्यांच्यावर चालवत होत्या, आणि मधुकरराव जितके साळसूद दिसायला जात तितके जास्त अडकत.

खरी गोष्ट साधी होती. घरून निघून तलावाकडे चालायला लागलं की काही अंतरावर त्यांच्या डाव्या पोटरीत गोळा येई. पिळून काढल्यासारखी पोटरी आवळे, पाऊल उचलेना. दोन-चार मिनिटं उभं राहिलं की कळ आपोआप जाई, आणि मग ते पुढे चालू लागत. हे अंतर दररोज तेच असे. आणि ते अंतर कोणत्या दुष्ट ग्रहाच्या दशेमुळे गोदावरीबाईंच्या फाटकाशीच संपत होतं, हे मधुकररावांनाही कळत नव्हतं. त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या भुपेंद्रचे गुडघे वयाच्या मानानं फार लवकर वाजायला लागले म्हणून ते त्याला वर्षभर चिडवत होते. स्वतःची पोटरी आवळते हे आता कोणत्या तोंडानं सांगणार?

शेवटी सांगावंच लागलं. कुंताबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"दुखनं नेमकं तिथंच काहून येते जी?"

 मधुकररावांनी पाण्याच्या किती चोऱ्यांची चौकशी केली होती, पण इतका अचूक प्रश्न त्यांना स्वतःला कधी सुचला नव्हता.

भुपेंद्र हा विमा एजंट असल्यामुळे दुसऱ्याच्या दुखण्याविषयी त्याला मनापासून आस्था होती. आता त्यालाही सांगणं भाग पडलं, तेव्हा त्यानं सल्ला दिला की उलट्या दिशेनं फिरायला जा, तिकडंही तितक्याच अंतरावर दुखलं तर वहिनींना पटेल. मधुकरराव गेले. तिकडंही तितक्याच अंतरावर दुखलं, पण तिथं होती एक पडकी भिंत, आणि मधुकरराव त्या भिंतीशी किती कळवळून उभे होते हे पाहायला तिथं चिटपाखरू नव्हतं. "साक्षीदार न्यायचा राहिला ना भाऊ," भुपेंद्र म्हणाला. मग त्यानं दुसरा सल्ला दिला की दात-ओठ खाऊन ते फाटक एकदा पार करून टाका. मधुकररावांनी तेही केलं. म्हणजे करायला गेले, पण कळ इतकी जोरात आली की त्यांनी आधारासाठी फाटकालाच हात घातला. कडी खडखडली. आतून गोदावरीबाईंचा आवाज आला, "कोण आहे? पाणी देऊ का?" मधुकरराव नको नको म्हणत लंगडत पळाले. दुसऱ्या दिवशी गावात नवी बातमी होती, ती अशी की साहेब आता फाटक वाजवतात, आणि बाई आतून बोलावतात.

कुंताबाईंनी बोलणं बंद केलं. ताट पुढे सरकवायच्या, आणि काही सांगायचं असलं तर ते भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगायच्या. मधुकरराव हबकून गेले. त्यांचं आणि कुंताबाईंचं लग्न होऊन चाळीसेक वर्षं झाली असतील. इतक्या वर्षांत ते भांडले खूप, पण कुंताबाईंनी त्यांच्याऐवजी कॅलेंडरशी बोलावं अशी वेळ आली नव्हती. रात्री त्या पाठ करून झोपत, आणि मधुकररावांना पहिल्यांदाच असं वाटलं की आपण या बाईशिवाय एक दिवसही काढू शकणार नाही. हे तिला सांगावं, तर त्याचाही संशय यायचा.

गावातल्या तरुण डॉक्टरानं त्यांची पावलं चाचपली. उजव्या पावलावरची नाडी लागली, डाव्यावरची सापडेना. त्यानं गुडघ्यामागे बोटं घालून पाहिलं, मांडीच्या सांध्यात पाहिलं, आणि म्हणाला की पायाच्या खालच्या भागात रक्त पुरेसं पोचत नाही, धमनी कुठंतरी अरुंद झाली असावी. मधुकररावांचा चेहरा उजळला. शेवटच्या टोकाला पोचत नाही म्हणजे वर अडवलंय, हा हिशेब त्यांना त्याच्याही आधी समजला होता. त्यांनी डॉक्टरला हे जरा बाहेर बसलेल्या बाईंना मोठ्यानं सांगायची विनंती केली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, "काकू, बहुतेक धमनीत अडथळा आहे."

"बहुतेक म्हनजे नक्की नाई ना?" कुंताबाई म्हणाल्या.

नक्की कळायला डॉप्लर करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाला. म्हणजे सोनोग्राफीच, पण तिच्यात नळीतून वाहणारं रक्त पडद्यावर दिसतं, किती आणि कोणत्या दिशेनं वाहतं तेही कळतं. कुंताबाईंना हे पटलं. घरी आल्यावर त्यांनी कॅलेंडरला बाजूला सारून थेट मधुकररावांना सांगितलं, "होऊन जाऊ द्या तपासनी. मशीन कोनाचं सोयरं नसते. मी सोता आत उभी राहीन. नळी बंद निघाली तर तुमचं खरं. अन् मोकळी निघाली, तर मी तुमसरले भावाकडे चालली."

अशा रीतीनं मधुकरराव जिल्ह्यातले असे एकमेव रुग्ण झाले की ज्यांना रिपोर्ट वाईट यायला हवा होता. बाकीचे लोक देवाला नवस बोलतात की काही निघू नये. मधुकरराव झोपताना डाव्या मांडीवर हात ठेवून म्हणत, निघ बाई, काहीतरी निघ.

पण एक शंका त्यांना खाऊ लागली. तपासणी झोपवून करतात, असं भुपेंद्रनं सांगितलं होतं. आणि झोपलं की पाय दुखत नव्हता. मधुकररावांना आपल्या नोकरीतला अनुभव आठवला. निरीक्षक येणार असं कळलं की चोर रातोरात पाट बुजवून ठेवतात, आणि पाहणीच्या दिवशी शेवटच्या बांधीतही पाणी हसत-खेळत येतं. हा पाय तर जन्मापासून त्यांच्यासोबत होता, त्याला त्यांच्या सगळ्या युक्त्या माहीत असणार. उद्या पडद्यावर सज्जनासारखं रक्त वाहून दाखवायचा आणि आपली बायको तुमसरला पाठवायचा. त्यांनी ठरवलं की पायाला बेसावध पकडायचं. दुखत असतानाच त्याला मशीनखाली न्यायचं.

भुपेंद्र आपली गाडी घेऊन आला. ओळखी असलेला माणूस सोबत हवा, असं तो म्हणाला, आणि त्याची ओळख कुठेच निघाली नाही हा भाग वेगळा. वरठीला कारखान्याची पाळी सुटली होती, मोटारसायकलींच्या गर्दीतून वाट काढत ते भंडाऱ्याला पोचले. सोनोग्राफी सेंटर एका गल्लीत होतं. दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती की इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे. आत सगळ्या गरोदर बायका, त्यांच्या सासवा, आणि मध्ये मधुकरराव. काउंटरवरच्या मुलीनं, तिचं नाव अपेक्षा, मान वर न करता विचारलं, "पेशंट कुठे आहे?" मधुकररावांनी छाती पुढे काढून सांगितलं की पेशंट मीच. एका सासूनं त्यांच्याकडे आणि मग त्यांच्या पोटाकडे पाहिलं. मधुकररावांचा स्वाभिमान तिथं जो दुखावला तो पुढे आठवडाभर दुखत होता.

नंबर यायला वेळ होता. मधुकरराव बाहेर गल्लीत गेले आणि चालू लागले. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं, खिडकीतून आत डोकवायचं, अजून नंबर आला नाही हे पाहून पुन्हा निघायचं. पोटरीत कळ आली की ते आनंदानं लंगडत काउंटरशी येत आणि विचारत, "आता घेता का? लवकर घ्या." अपेक्षा म्हणे, "अजून वेळ आहे काका." कळ ओसरून जाई. हताश होऊन ते पुन्हा गल्लीत जात. असं चालू असताना वेळ घालवायला म्हणून त्यांनी अपेक्षाला आणखी काही प्रश्न विचारले. मशीन चालवते कोण? डॉक्टर स्वतः असते की नाही? नोंदणीचं प्रमाणपत्र कुठं लावलंय? त्यावरची मुदत संपली तर नाही ना? त्यांना कसलाच हेतू नव्हता. चारचौघांत तासभर गप्प बसवत नव्हतं, आणि अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे त्याची चौकशी करायची, याहून दुसरी पद्धत त्यांना ठाऊक नव्हती.

अपेक्षाचा रंग उतरला. खाकी रंगाची पँट, खिशाला पेन, आत-बाहेर येरझाऱ्या, खिडकीतून टेहळणी, सोबत एक गंभीर बाई आणि गाडीत बसलेला माणूस. लिंगनिदान पकडणारी पथकं साध्या वेषात खोटा पेशंट घेऊन येतात, हे तिनं ऐकलं होतं. ती आत जाऊन आली, आणि पाच मिनिटांत सेंटरमध्ये धावपळ सुरू झाली. भिंतीवरचं प्रमाणपत्र फडक्यानं पुसलं गेलं. मधुकररावांसमोर चहा आला, पंख्याखालची खुर्ची आली. त्यांना या आदरसत्काराचाच संशय आला. इतका चहा पाजतात म्हणजे मशीन बिघडलेलं असणार, असं त्यांनी कुंताबाईंच्या कानात सांगितलं. कुंताबाईंनी मान वळवली नाही. त्यांना वेगळाच संशय होता, की आपल्या नवऱ्यानं इथल्या लोकांना आधीच फितवून ठेवलं आहे, नाहीतर कोण कोणाला चहा देतं?

नंबर आला तेव्हा पाय पूर्ण बरा होता. चहा पिताना निवांत विश्रांती झाली होती.

डॉक्टर रत्नमाला चष्मा लावलेल्या, थोड्या घाबरलेल्या बाई होत्या. त्यांनी आधी आपलं नाव सांगितलं, मग नोंदणी क्रमांक सांगितला, मग मशीनचाही सांगितला. मधुकररावांनी समाधानानं मान हलवली, त्यामुळे बाई आणखी घाबरल्या. त्यांनी मधुकररावांना टेबलावर झोपवून मांडीवर गार चिकट लोणी लावल्यासारखं काही लावलं, आणि त्यावरून हातातला ठोकळा फिरवायला सुरुवात केली. कुंताबाई कबूल केल्याप्रमाणे डोक्याशी उभ्या होत्या.

आधी उजवा पाय. पडद्यावर काळ्या-करड्या ढगांत एक लाल पट्टा उमटला आणि ठेका धरून लकाकू लागला. खोलीत आवाज भरला, फुस्स-फुस्स, पाटाचं दार उघडल्यावर पाणी सुटतं तसा. बाई म्हणाल्या, "छान आहे." मधुकररावांना हा शब्द मुळीच आवडला नाही.

मग डावा. मांडीच्या सांध्यात लाल पट्टा तसाच ठसठशीत. आवाज तसाच. मधुकररावांनी डोळे मिटले. त्यांना तुमसरची बस दिसली, तिच्या खिडकीत कुंताबाई दिसल्या, आणि हातातली पिशवी दिसली. पाय फितूर झाला होता. आयुष्यभर ज्याच्यावर उभे राहिलो त्यानंच साक्ष फिरवली, असं त्यांना वाटलं.

ठोकळा खाली सरकत गेला. आवाज एकाएकी बारीक झाला आणि बंद पडला.

"हे बघा," बाई म्हणाल्या. "इथपर्यंत आहे. इथून पुढे मुख्य धमनी बंद आहे."

मधुकररावांनी डोळे उघडले. लाल पट्टा मांडीच्या मध्यावर येऊन संपला होता, आणि त्याच्या अलीकडून दोन-तीन बारीक वाकड्या रेघा फुटून बाजूला पळत होत्या. ते टेबलावर अर्धे उठून बसले.

"पाट फोडला," ते ओरडले. "पाहा, पाहा. वरूनच फोडून नेऊन राहिले. म्हनून खाली पोचत नाई. बुजवा ते आधी."

बाईंनी त्यांना पुन्हा झोपवलं. या चोर-वाटा नाहीत, त्या म्हणाल्या. मोठी वाट बंद झाली तेव्हा शरीरानं हळूहळू स्वतःच या बाजूच्या वाटा काढल्या, आणि त्याच वळसा घालून खाली थोडंफार रक्त नेतात. त्या नसत्या तर पाय केव्हाच गेला असता. मधुकररावांनी त्या रेघा पुन्हा निरखल्या. असले बाजूचे फाटे त्यांनी शेकड्यांनी बुजवले होते, प्रत्येकाचा पंचनामा करून. तेच आपल्या मांडीत पाय जगवत असावेत, आणि तेही विनापरवानगी, हे त्यांना जरा जड गेलं.

कुंताबाई पुढे आल्या. "म्हनजे यायले खरंच दुखते?"

"दुखणारच. ठराविक अंतर चाललं की स्नायूला रक्त कमी पडतं. थांबावंच लागतं, आणि दर वेळी साधारण तितक्याच अंतरावर. तुम्ही रोज एकाच जागी थांबत असाल ना हो?"

या वाक्यासाठी मधुकरराव दोन महिने झुरत होते. विजयी मुद्रेनं त्यांनी मान वळवली, तर कुंताबाई पदर तोंडाशी धरून रडत होत्या.

"मी देवाले म्हटलं होतं," त्या म्हणाल्या, "नळी बंदच निघू दे. सकाळी, दिवा लावताना. अन् निघाली पाहा. मीच मागतलं जी."

विजय जागच्या जागी विरघळला. आपणही तेच मागितलं होतं, हे मधुकररावांनी सांगितलं नाही. त्यांनी नुसता तिचा हात धरला, चिकट हातानं, आणि तो हात तिनं बराच वेळ सोडला नाही. डॉक्टर रत्नमाला अवघडून पडद्याकडे पाहत राहिल्या. हे पथक नाही याबद्दल त्यांची खात्री बहुधा तेव्हा पटली, कारण निघताना दुसरा चहा आला नाही.

रिपोर्ट पाहून गावच्या डॉक्टरानं गोळ्या दिल्या, त्यांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा कायमचा बंद केला, आणि औषध म्हणून चालणं सांगितलं. दुखेपर्यंत चालायचं, दुखलं की थांबायचं, थांबलं की पुन्हा चालायचं. अशा चालण्यानं बाजूच्या वाटा आणखी वाढतात, ऑपरेशनचं पुढे पाहू. म्हणजे फाटकाशी थांबणं हे आता वैद्यकीय कर्तव्य झालं. भुपेंद्रनं ही बातमी जुन्या बातमीच्या दुप्पट वेगानं पसरवली. बुधरामनं फाटकासमोर एक दगड आणून ठेवला, साहेबांना टेकायला. बायाबाई दारोदार सांगत फिरली की बिचाऱ्याची नळी बंद हाय, अन् लोक कायच्या काय बोलत होते. कुंताबाई रोज सोबत येऊ लागल्या. मधुकरराव कळवळून उभे राहत, त्या बाजूला उभ्या राहत, आणि जाणारे-येणारे आदरानं विचारत, "कसं काय, दुखून राहिलं ना?" मधुकरराव म्हणत, हाव, दुखून राहिलं. इतक्या अभिमानानं त्यांनी आयुष्यात दुसरं काही सांगितलं नसेल.

गडबड झाली ती औषध लागू पडल्यामुळे. हळूहळू कळ उशिरा येऊ लागली, आणि पावसाळा सरता सरता एके संध्याकाळी मधुकररावांच्या लक्षात आलं की फाटक जवळ येतंय आणि पोटरी मजेत आहे. एखाद्याला आनंद झाला असता. मधुकररावांना घाम फुटला. आज न थांबता पुढे गेलो, तर बुधराम जाळ्यातून मान वर काढणार. तो घरी सांगणार. उद्या गाव म्हणणार, बायको सोबत यायला लागली तसा बरोबर पाय बरा झाला. पडद्यावरची बंद नळी सगळे विसरणार, आणि फाटक तेवढं लक्षात ठेवणार. या जातीच्या चौकशीचा निकाल कसा लागतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

म्हणून ते थांबले. पोटरी धरली आणि हळूच हुंकार दिला.

इतके महिने ते इथं रोज उभे राहिले, पण तेव्हा सगळा जीव पोटरीत असायचा. समोर घर आहे की गोठा, हेही त्यांनी धड पाहिलं नव्हतं. आज पोटरीत काहीच नव्हतं, तेव्हा नजर मोकळी होती. ती वर गेली. घराला फिकट हिरवा रंग होता. ओसरीवर जाईचा वेल चढला होता. झोपाळ्यावर गोदावरीबाई पेपर वाचत बसल्या होत्या, पांढरे केस सैल बांधलेले, पिवळ्या काठाची साडी, आणि वाचता वाचता कशाला तरी स्वतःशीच हसत होत्या. बाई हसतात छान, असं मधुकररावांच्या मनात आलं. फक्त आलं, आणि जरा वेळ तिथंच राहिलं.

"दुखते का जी?" कुंताबाईंनी विचारलं.

"हाव," मधुकरराव म्हणाले.

कुंताबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. दुखताना हा चेहरा कसा दिसतो, हे त्यांनी गेले कित्येक महिने रोज पाहिलं होतं. त्यांनी एकदा त्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा झोपाळ्याकडे, आणि मग नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

"चला," त्या म्हणाल्या. "उद्यापासून आपन वरठीच्या रस्त्यानं फिरू."